चौथ्या तळ्यावरचा पाहुणा

सोमवार, ११ डिसेंबर

छबू,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही आणि 'कशी आहेस' विचारायला तोंड नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. तुझा पक्षी आला आहे.

चौथ्या तळ्यावर, पंपाच्या पाइपापासून तिसऱ्या खांबाजवळ, तू बावीस वर्षांपूर्वी समितीपुढे जी जागा सांगितली होतीस तिथेच. सकाळी सव्वासातला दिसला. राखी, मुठीएवढा, आणि चोच टोकाशी किंचित वर उचललेली. मी दुर्बीण खाली ठेवली, चष्मा पुसला, परत लावली. तो तिथेच होता. मग मी बांधावरच बसकण मारली. पंपवाल्याला वाटलं मला चक्कर आली. तो पाण्याची बाटली घेऊन धावत आला आणि म्हणाला, "साहेब, सांडपाण्याच्या वासाने भल्याभल्यांना होतं असं."

फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. केला होता, चार वर्षांपूर्वी. तू 'हॅलो' म्हणालीस, मी 'मी दादा' म्हणालो आणि तू ठेवलास. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं. पत्ता तुझ्या वहिनीने दिला. तुम्ही दोघी दर रविवारी बोलता हे मला माहीत नाही असं ती समजते, आणि मीही तसंच दाखवतो.

आता महत्त्वाचं ऐक. आपल्या पक्षीमंडळाची पन्नास वर्षांची यादी पुस्तक म्हणून छापायची आहे. वीस तारखेला, बुधवारी, नोंद समितीची शेवटची बैठक आहे. त्यानंतर यादीत बदल नाही. तुझी नोंद अजून 'अमान्य' या रकान्यात आहे. ती तशीच छापली जाऊ द्यायची नाही असं मी ठरवलं आहे. तू लिहिलं होतंस की पंख उघडला की पांढरी पट्टी दिसते आणि ती मधे तीन पिसांपुरती तुटते. पुस्तकांत ती अखंड दाखवतात, म्हणून तेव्हा सगळे हसले. मला त्या तुटलेल्या पट्टीचा एक फोटो मिळाला की तुझी नोंद कोणी अडवू शकणार नाही. हातात नऊ दिवस आहेत.

सकाळच्या बसच्या चालकाकडे पत्र देतो, म्हणजे उद्या तुला मिळेल.

दादा


बुधवार, १३ डिसेंबर

छबू,

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहितो आहे.

काल आणि आज मिळून अकरा तास आडोशात बसलो. आडोसा म्हणजे जुन्या फ्लेक्सचा पडदा आणि त्याला पाडलेलं एक भोक. फ्लेक्सवर कुठल्याशा दंतमंजनाची जाहिरात आहे, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला एका हसऱ्या बाईच्या दातांतून माझी लेन्स बाहेर आलेली दिसते. समितीचे अध्यक्ष अजूनही आपले दातांचे डॉक्टरच आहेत. ते काल येऊन पाहून गेले आणि पक्ष्यापेक्षा त्या फ्लेक्सवर जास्त वेळ बोलले.

पाहुणा थकलेला आहे. छातीचं हाड दिसतं. तळ्याच्या कडेला पाणी आणि चिखल यांच्यामधे जी हातभर पट्टी उरते, तेवढीच त्याची खानावळ. पंप चालू झाला की पाणी चढतं आणि तेवढीही जाते. मी पंपवाल्याला म्हटलं, चौथं तळं दोन आठवडे भरू नका. तो म्हणाला, "वरून विचारलं तर काय सांगू?" मी म्हटलं, सांगा की व्हॉल्व्ह खराब आहे. त्याने थोडा विचार केला. "व्हॉल्व्ह खरंच खराब आहे, साहेब. मी सहा महिने अर्ज करतोय, कोणी ढुंकून बघत नाही." असा प्रश्न सुटला.

बसलेल्या पक्ष्याचे फोटो भरपूर मिळाले. बसलेला असताना तो काठच्या चिखलात चरणाऱ्या आपल्या नेहमीच्या राखी चिखल्यांत सहज खपून जातो, फक्त चोचीवरून शंका येते. तरी डॉक्टर म्हणाले, "तुम्ही म्हणताय ना तोच आहे, मग झालं. तीस वर्षं नोंदी तुम्ही ठेवताय, तुमच्या शब्दावर कोण बोट ठेवणार? अभिनंदन! जिल्ह्यातली पहिली नोंद तुमची!" बाकीच्यांनीही फोन केले. मी 'पहिली नाही' असं म्हणायला हवं होतं. मी 'धन्यवाद' म्हणालो. खरं सांगू, छबू, ऐकायला बरं वाटलं. लगेच लाजही वाटली, पण आधी बरं वाटलं.

पंखाचा फोटो अजून नाही. काल पक्षी एकदा उडाला, पण मला नीट टिपता आला नाही. एक नवीन फोटोग्राफर रोज यायला लागला आहे. त्याची लेन्स एवढी मोठी की पंपवाल्याने त्याचं नाव 'तोफ' ठेवलं. माणूस वाईट नाही, पण त्याला धीर नाही. दर दहा मिनिटांनी विचारतो, "काका, हा उडतो की नाही?"

सात दिवस उरले.

दादा


शनिवार, १६ डिसेंबर

छबू,

तुझं कार्ड काल आलं. मी ते उभ्याउभ्या पाच वेळा वाचलं. वाचायला होतं तरी काय! "दोन्ही पाय टेकवतो का? पोट भरतंय का? उडवू नकोस." ना नाव, ना गाव, ना 'दादा'. बावीस वर्षांनी बहिणीचं पत्र येतं आणि त्यात चौकशी एका चिखल्याची. तुझी वहिनी म्हणाली, "तुम्ही भावंडं पक्ष्यांशीच बोला, माणसांशी नको." पण कार्ड तिने फ्रीजवर लावलं.

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं. डावा पाय टेकवत नाही. तुला कसं कळलं? मी पहिल्या पत्रात पायाचं काही लिहिलं नव्हतं. मी रोज पाहत होतो आणि मला वाटत होतं की तो विश्रांतीसाठी एक पाय वर घेतो, सगळे घेतात तसा. तुझं कार्ड वाचून आज मुद्दाम पाहिलं. चालतानाही तो लंगडतो. एवढ्या लांबून आलेला पक्षी तीन दिवस एकाच कोपऱ्यात राहतो यावरून तुला शंका आली असणार. मला तिथे बसून आली नाही आणि तुला घरात बसून आली. हे तुझं पहिल्यापासूनच आहे आणि पहिल्यापासूनच मला ते टोचतं.

पोट भरतंय. सकाळी तासभर आणि दुपारी तासभर खातो. बुधवारपेक्षा बरा दिसतो.

आता तिसरं. गेल्या पत्रात मी 'उडाला' असं लिहिलं. तो उडाला नाही, मी उडवला. मंगळवारी साडेअकराला, आसपास कोणी नव्हतं तेव्हा, मी फ्लेक्सच्या मागून उठलो आणि टाळी वाजवली. एकच. तो उडाला, पंख उघडले, मी बटण दाबून धरलं आणि कॅमेऱ्याने नेम धरला तो समोरच्या लव्हाळ्यावर. अठ्ठावीस फोटो, सगळ्यांत लव्हाळं एकदम सुरेख, मागे राखी डाग. तो पलीकडच्या काठाला उघड्यावर जाऊन बसला आणि त्याच वेळी ससाणा आला. पहिल्या तळ्यावरून सरळ खाली आला. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण घसा दुसऱ्या दिवशीपर्यंत बसला होता. ससाणा वळला तो माझ्या ओरडण्याने की आणखी कशाने, ते त्यालाच माहीत. पाहुणा लव्हाळ्यात शिरला आणि संध्याकाळी पाचपर्यंत बाहेर आला नाही. त्या दिवशी तो दुपारचा जेवला नाही.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवशिक्यांना मी हेच शिकवतो, की थकलेल्या पाहुण्याला उडवणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणं. मंडळाच्या नियमपत्रकात ते वाक्य माझ्याच अक्षरात आहे.

आता नाही उडवणार. पण तो आपणहून पंख उघडेल का, चार दिवसांत उघडेल का, आणि त्या वेळी मी जागा असेन का, यावर सगळं लटकलं आहे. जीव टांगणीला लागला आहे.

दादा


मंगळवार, १९ डिसेंबर, सकाळ

छबू,

बैठक उद्या आहे. फोटो नाही.

काल दुपारी काय झालं ते आधी सांगतो. तोफवाला शेवटी कंटाळला. मी थर्मासमधून चहा ओतत होतो, तेवढ्यात तो चिखलाचा एक गोळा हातात घेऊन उभा राहिला. मी त्याचं मनगट धरलं. चहा दोघांच्या अंगावर सांडला.

"काका, सोडा. अंगावर नाही मारत, बाजूला टाकतो."

"बाजूलाही नाही."

"अहो, तुमच्याच बहिणीसाठी ना? तुम्हीच सांगितलंत. एक फोटो आला की तिचं नाव लागतं म्हणून."

"तिनेच सांगितलंय, उडवू नको."

त्याने गोळा टाकला, पण पायाशी. मग हात पुसत म्हणाला, "मग दुसरा काय पुरावा आहे तुमच्याकडे?" त्याने सहज विचारलं होतं. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि मला ते म्हणता येईना. सामान उचललं आणि घरी आलो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

दुसरा पुरावा आहे, छबू. तो बावीस वर्षं माझ्याकडे आहे.

तुला तो दिसला त्या सकाळी थंडी होती. तुझी बोटं वाकत नव्हती, म्हणून तुझ्या कॅमेऱ्यात रीळ मी भरलं. मला स्टुडिओ उघडायचा होता, नऊला पासपोर्ट फोटोवाले येणार होते. मी घाईत फिल्मचं टोक चाकाच्या खाचेत सरकवलं, झाकण लावलं आणि निघालो. एरवी मी झाकण लावल्यावर एकदा फिरवून बघतो की फिल्म पुढे सरकते की नाही. बाबांनी ती सवय चापट मारून लावली होती. त्या दिवशी बघितलं नाही.

तू छत्तीस फोटो काढलेस. कॅमेऱ्याने छत्तीस आकडे मोजले. रात्री तू धावत डार्करूममध्ये आलीस आणि कॅमेरा माझ्या हातात दिलास. मी फिल्म परत गुंडाळायला कॅमेऱ्यावरची छोटी मूठ फिरवली. छत्तीस फोटोंची फिल्म गुंडाळायला वीसेक वेढे लागतात. दोन वेढ्यांत मूठ सैल झाली. मला तिथल्या तिथे कळलं. फिल्म चाकाला अडकलीच नव्हती. तू दिवसभर शटर दाबत होतीस आणि आत फिल्म जागची हलली नव्हती.

तू दाराबाहेर उभी होतीस.  मी अंधारात ती फिल्म धुतली, जणू तीवर काही असणारच होतं, आणि बाहेर येऊन म्हटलं, "कोरी आहे."

तेव्हाच सांगितलं असतं तर तू दोन दिवस शिव्या घातल्या असत्यास आणि विषय संपला असता. पण मी शहरातला रिळं भरणारा म्हणून नावाजलेला, आणि बाबा काउंटरवर बसलेले. आणखी एक कारण आहे, ते जास्त खरं आहे. मी त्या तळ्यांवर अकरा वर्षं जात होतो. तू जायला लागून तिसरीच सकाळ, आणि तो तुला दिसला. मला राग आला होता. तुझा नाही, म्हणजे तुझाच.

समितीत कोणीतरी म्हणालं की तिने फोटो काढलेच नाहीत, कोरं रीळ आणून दिलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, "दादा, तू काही बोलणार नाहीस?" मी मूग गिळून बसलो. कागदावर शेरा होता, 'छायाचित्रे घेतल्याचा दावा खोटा, सबब वर्णन अग्राह्य.' खाली चिटणीस म्हणून सही माझी. पुढच्या महिन्यात तू दुर्बीण विकलीस. मला अजून माहीत नाही की तू मला खोटारडा समजून गेलीस, की आपल्याच हातून काहीतरी चुकलं असं समजून. दुसरं असेल तर मी काय करू, मला खरंच कळत नाही.

आठ दिवस मी त्या फ्लेक्समागे कशासाठी बसलो होतो ते काल मला समजलं. पंखाचा फोटो मिळाला असता तर तुझी नोंद मान्य झाली असती आणि मला हे कोणाला सांगावं लागलं नसतं. तुझ्यासाठी म्हणत होतो. निम्मं माझ्यासाठी होतं. त्यासाठी त्या लंगड्या जिवाला ससाण्यापुढे लोटायलाही मी मागेपुढे पाहिलं नाही.

उद्या हे समितीत वाचून दाखवणार आहे. आधी तुला पाठवतो, म्हणजे रात्रीतून माझा धीर सुटला तरी माघार घ्यायला वाट राहणार नाही. बस सुटायला दहा मिनिटं आहेत.

दादा


गुरुवार, २१ डिसेंबर

छबू,

काल वाचलं. परवाच्या पत्रात लिहिलं जवळजवळ तेच, फक्त बाबांचं नाव गाळलं. कागद टेबलावर ठेवून वाचलं.  

डॉक्टर म्हणाले, "कशाला उकरून काढताय आता? तुमचं नाव पहिलं लागत होतं."

मी म्हटलं, "पहिलं तिचं आहे."

"आणि ती तुटकी पट्टी?"

"ज्या कारणासाठी तिचं वर्णन फेकलं ते कारण खोटं होतं. ते मी तयार केलं होतं. आता वर्णन परत वाचा."

त्यांनी फाइल काढली. तुझं टिपण डॉक्टरांनीच मोठ्याने वाचलं. दोन पानं, अंतर, वेळ, उजेड, चाल, आवाज, पट्टी. मीही बावीस वर्षांत ते परत वाचलं नव्हतं. वाचता वाचता डॉक्टरांचा आवाज उतरत गेला. शेवटी मतं घेतली. मला मत नव्हतं, मी बाहेर जिन्यात उभा होतो. चार विरुद्ध दोन. तुझी नोंद मान्य झाली, छबू. जिल्ह्यातली पहिली, तारखेसकट, तुझ्या नावावर. पुस्तकात छापून येईल. 'खोटा' हा शब्द डॉक्टरांनी शाईने खोडला आणि बाजूला सही केली. मी पाहिलं.

मग माझी पाळी आली. चिटणीसपद गेलं, ते जायलाच हवं होतं. तीस वर्षांतल्या ज्या नोंदी फक्त माझ्या शब्दावर आहेत, त्या सगळ्या परत तपासणार आहेत. एकशे चौदा आहेत.  घरी आलो तर तुझ्या वहिनीने माझ्यासाठी पाणी तापवून ठेवलं होतं.

आणि हा पाहुणा. माझे फोटो बसलेल्या पक्ष्याचे. परवापर्यंत माझा शब्द त्यांना पुरेसा होता, कालपासून नाही. डॉक्टर वाईट वाटून म्हणाले, "नियमच आहे. हा पक्षी आधी पाहिलेला, आणि ज्याची नोंद मान्य आहे, असा माणूस प्रत्यक्ष बघून हो म्हणाला तर घेऊ. नाहीतर गाळावी लागेल." तोफवाला चालणार नाही, त्याने हा पक्षी आधी कधी पाहिलेला नाही. डॉक्टरांनीही नाही. साऱ्या जिल्ह्यात, आणि मला वाटतं त्याच्या बाहेरही बराच लांबपर्यंत, नियमात बसणारा माणूस एकच आहे. कालपासून.

पाहुणा आज सकाळी होता. पाय टेकवायला लागला आहे, अजून जपून. छाती भरली आहे. पंपवाला म्हणतो, आणखी चारपाच दिवस तरी हलणार नाही. या एका नोंदीसाठी समितीने शनिवारपर्यंत मुदत वाढवून दिली आहे.

सकाळच्या बसने निघालीस तर दुपारी तीनला पोचशील. तीन ते चार तो तिसऱ्या खांबापाशी खात असतो. ऊन पाठीशी असतं. फाटकाची किल्ली पंपवाल्याकडे ठेवली आहे, तू येशील हे त्याला सांगितलं आहे, आणि कशी दिसतेस तेही, म्हणजे बावीस वर्षांपूर्वी कशी दिसायचीस ते. दुर्बीण आडोशात लटकवली आहे. मी तिथे असावं की नसावं, ते तू ठरव. नको असेन तर मी स्टुडिओत बसेन, तू बघ, कागदावर हो किंवा नाही लिही आणि परत जा. नाही लिहिलंस तरी मी तक्रार करणार नाही.

पण ये. तू पाहिल्याशिवाय मी त्याला पाहिलं असं आता कोणीच मानणार नाही.

दादा